कन्यादानाचा उपास

लग्नाच्या आदल्या दिवशीही बाबा सकाळी सायकलवर शेतात जाऊन आले. मे महिन्यात धानाच्या बांध्या कोरड्या पडलेल्या, बघण्यासारखं काहीच नव्हतं. सत्तरी ओलांडली तरी हा माणूस चढावर सायकलवरून उतरत नाही, याचं आमच्या गावाला कौतुक होतं. त्यांना स्वतःला जरा जास्तच.

मांडवावर टाकलेल्या जांभळाच्या डहाळ्यांवर त्यांनी पाणी मारलं आणि सुगंधाकाकूनं भाजलेल्या कैऱ्यांचा गर काढायला बसले. काकू म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको. काका त्यांची मुलगी दिव्यानी लहान असतानाच गेले, म्हणून उद्या तिचं कन्यादान बाबा आणि आई करणार होते. येणाऱ्याजाणाऱ्याला बाबांचं सांगणं चालूच होतं, "उनातून आल्याबरोबर गार पानी पिऊ नका. पयले सावलीत बसा. खिशात कांदा ठेवा. जेवा, पन दाबून जेवू नका."

"आन तुम्ही?" मी विचारलं. "उद्या पानी तरी घ्याल ना?"

"उपास म्हंजे उपास. कन्यादान होतवरी पानी नाई."

"मंग वडशाच्या वऱ्हाडाले सांगा, मुहूर्त पाळा म्हना."

काकू हसली. "डीजे आनून राह्यले ते. नाचल्याबिगर मांडवात येतीन काय?"

"नाचू दे," बाबा म्हणाले. "मी जवान असतो तं मीच समोर असतो."

"आत्ता बी असान, भाऊजी. फक्त कोनी कंबर धरून ठेवाले पायजे."

बाबा इतके हसले की हातातला गर परातीबाहेर पडला.

मुहूर्त सकाळचा होता. वरात गावात शिरली तेव्हा दुपार झाली होती, आणि ती मारुतीच्या देवळापाशी येऊन थांबली. मांडवात पंखे होते, पण ते गरम हवाच फिरवत होते. आईला साखरेचा आजार, म्हणून बाबांनी स्वतः तिला बिस्किटं आणि चहा दिला होता. "तुले चालते," म्हणाले. स्वतः पाटाशेजारी ताठ बसून होते. थोड्या वेळाने मी त्यांचा हात धरला. हात तापला होता आणि कोरडा होता. सगळा मांडव घामानं निथळत असताना त्यांना घाम येत नव्हता. म्हणजे ऊन लागत होतं, हे मला माहीत होतं.

मी देवळाकडे धावले. डीजेच्या गाडीसमोर पोरं नाचत होती, त्यांच्यावर पाण्याचे पाऊच फोडले जात होते. नवरदेव घोड्यावर शेरवानीत बसून तोंड पुसत होता. "मामा, चला ना आता," तो म्हणाला. मामांना ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, माझ्या बाबांच्या पोटात सकाळपासून पाणी नाही.

"बस, ताई, हे शेवटचं गानं," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. ते गाणं संपलं, पण पोरांनी दुसरं लावलं. कोणा बाईनं हात धरून मलाच नाचायला ओढलं.

मी परत आले. ग्लासात मीठ-साखरेचं पाणी घेऊन बाबांसमोर बसले. "बाबा, दोन घोट. कोनी काई म्हननार नाई. मी गुरुजीले इचारलं, चालते म्हनते."

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बेचाळीस वर्षांची. चंद्रपूरला कॉलेजात शिकवते, एकटी राहते. लग्नाचा विषय आमच्या घरात कधीतरी आपोआप बंद झाला होता. त्यावर ना त्यांनी काही विचारलं, ना मी सांगितलं.

"माह्या वाट्याले हे एकच आलं, बाई," ते हळू म्हणाले. "नीट होऊ दे."

ग्लास हातात घेऊन मी बसून राहिले. 

वरात आली. अक्षता पडल्या. कन्यादानाच्या वेळी त्यांच्या हातावरून पाण्याची धार पडत होती आणि हात थरथरत होता. लोकांना वाटलं, गहिवरले. गुरुजींनी "झालं" म्हटल्यावर त्यांनी आईकडे पाहून मान हलवली, पाणी मागितलं, आणि ते तोंडापर्यंत न्यायच्या आत कुशीवर पडले.

सरबतासाठी आणलेला बर्फ आम्ही त्यांच्या काखेत, मानेवर ठेवला. डहाळ्यांवर मारायच्या पाण्यानं अंग ओलं केलं. नाचणारी तीच पोरं आता रडत धावत होती. त्यांनीच ॲम्ब्युलन्स बोलावली, त्यांनीच बाबांना उचलून आत ठेवलं. आईला कोणी येऊ दिलं नाही. ॲम्ब्युलन्समध्ये बाबा असंबद्ध काही बोलले, त्यात दिव्यानीचं नाव होतं, माझंही होतं. मग बोलणं थांबलं.

वैनगंगेचा पूल आला. खाली वाळूच वाळू. ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टर बाई बाबांची छाती दाबत होत्या, त्या थांबल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ड्रायव्हरनं भोंगा बंद केला. गाडी गडचिरोलीकडे चालतच राहिली, आता सावकाश.

बाबांच्या कपाळावर अक्षतांचे दाणे चिकटलेले होते. मी ते काढले नाहीत. डॉक्टर बाई समोरच बसल्या होत्या, तरी मी मोठ्यानेच बोलले.

"बाबा, मले लग्न करायचंच नव्हतं. कोनी भेटलं नाई म्हनून नाई. मी तिकडं एकटी सुखानं राह्यते. तुमच्या हातून माह्यं काईच राह्यलं नाई."