कॉरिडॉरमध्ये चप्पल म्हणजे गुन्हा

"आमच्या टॉवरमधून टाचणी हलत नाही," जगन्नाथ आत सांगत होता, आणि त्याच वेळी दाराबाहेरून सगळ्या पाहुण्यांचे जोडे चालले होते.

दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या आपल्या बिल्डिंगच्या कमिटीचा तो चेअरमन. साल २००९. अर्धे फ्लॅट रिकामे, कंपन्या रोज माणसं काढतायत, आणि याच्या घरी सत्यनारायण. प्रसादाबरोबर तो ज्ञानही वाढत होता. बेकारीनं कोणी चोर होत नाही, ढिलाईनं होतो. चोर पण फायदा-तोटा बघतो. आज बाहेर मोडका स्टूल चालवून घ्या, उद्या दार फोडतील. म्हणून नवा नियम काढलेला: कॉरिडॉरमध्ये जे दिसेल ते कचऱ्यात. विचारायचं नाही, ऐकायचं नाही.

"नोकरी गेली म्हणून माणूस बिघडत नसतो, राजाभाऊ," शिऱ्याचा घास घेत तो म्हणाला. "मुळात बिघडलेलाच असतो."

राजाभाऊंची नोकरी गेली होती. व्हिसा संपत आलेला. तीन वाजता दुबई मरीनाला इंटरव्ह्यू होता. रास अल खैमाच्या टाइल्स फॅक्टरीचा साहेब तेवढ्यासाठी येणार होता. म्हणून राजाभाऊ शारजाहून पूजेला टाय लावूनच आले होते. त्यांनी शिरा गिळला, राग घशातच राहिला.

निघायला दार उघडलं तर बाहेर चकाचक, एकही जोडा नाही. जगन्नाथची बायको सविता, जिनं एकाला बूट घालून आत आला म्हणून उंबऱ्याबाहेर काढलं होतं, ती कपाळाला हात लावून उभी. जगन्नाथ पोलिसांना फोन लावायला लागला. तेवढ्यात वॉचमन खैरुद्दीन रिकामी ट्रॉली ढकलत आला आणि अदबीनं म्हणाला की सगळं कचऱ्याच्या गाडीत टाकलं, गाडी गेली.

जगन्नाथनं त्याला गाढवापासून सुरुवात करून बरंच काही म्हटलं. पूजेला लोक जोडे काढून येतात, एवढं कळत नाही?

"साहब, आपने बोला था, पूछना नहीं. नियम में पूजा नहीं था."

"खलास. तू आजपासून घरी. एकाला सोडलं की सगळे शेफारतात." जगन्नाथनं त्याच्या गळ्यातलं कार्ड ओढून काढलं आणि खिशात घातलं.

तेव्हा राजाभाऊ फुटले. "माझी नोकरी गेली, जगन्नाथ, पण मी कुणाची टाचणी उचलली नाही. तू बसल्या जागी आख्ख्या पंगतीची पायताणं पळवलीस. आणि शिक्षा याला? शिक्षेचा एवढा सोस आहे ना, मग कॉरिडॉरमध्ये तूच जाऊन उभा राहा. दिसलास की उचलतील."

"डॅड, टेक्निकली अंकल इज राइट," जगन्नाथची मुलगी पर्णिका मोबाइलमधून मान न काढता म्हणाली.

जगन्नाथ म्हणाला की एखाद्या अपवादानं सिद्धांत खोटा ठरत नाही. राजाभाऊंनी ऐकून घेतलं नाही. सवितानं बाथरूममधल्या गुलाबी सपाता पुढे केल्या, त्या त्यांनी टायखाली चढवल्या आणि तरातरा लिफ्टमध्ये शिरले. मागून खैरुद्दीन शिरला, त्यालाही खालीच जायचं होतं. दार बंद झालं. चोर नको म्हणून लिफ्ट कार्ड लावल्याशिवाय चालत नसे, आतून दारही उघडत नसे, आणि पाहुण्यांची ने-आण वॉचमनच्या कार्डावर होई. खैरुद्दीननं सवयीनं गळ्याशी हात नेला.

लिफ्ट हलली नाही, दारही उघडलं नाही. टेक्निशियन साडेतीनला आला.