नव्वदावा दिवस आणि पासलीचा डबा

मित्रांनो, मी पासली गावचा तांदळाचा डबा आहे. जुना आहे, पत्र्याचा आहे आणि माझं झाकण एका बाजूनं चेपलेलं आहे. आमच्या खानदानात विमानात बसलेला मी पहिलाच. बाकीचे सगळे भंगारात गेले.

भोरच्या बाजारात एका कारागिरानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मला घडवलं. चंद्राबाईंनी मला घेतलं तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्ष झालं होतं. त्यांनी मला बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरा हाय." माझी आजवरची स्तुती एवढीच. तिच्यावर मी चाळीस वर्षं काढली.

पासलीत पावसाळ्यात सगळ्याला बुरशी धरते. चपलेला, पट्ट्याला, देवाच्या फोटोला. एक बदलून आलेले मास्तर फार वेळ एका जागी बसायचे, तर लोक त्यांच्याकडेही काळजीनं बघायचे. तांदळात मात्र ओल शिरत नाही. म्हणून चंद्राबाई मोलाचं सगळं माझ्यात पुरून ठेवत. सातबारा, मंगळसूत्र, मुलाचा दहावीचा दाखला. त्यांचे यजमान गेनबा यांनी माझ्यात कधी हात घातला नाही. ते "कागद दे" म्हणत आणि कागद येई. कागद बायकोतूनच निघतात अशी त्यांची समजूत असावी.

मुलगा कुमार शिकून जर्मनीला गेला, गाड्यांच्या कारखान्यात लागला. तिथंच त्यानं आणि शिवानीनं घर केलं. यंदा उन्हाळ्यात त्यानं आईवडिलांना बोलावलं. चंद्राबाईंनी मला इंद्रायणी तांदळानं गच्च भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि सोबत घेतलं. विमानतळावर मला एका यंत्रातून सरकवलं. झाकण न काढता माझ्या पोटात बघणारं असं कुणी मला आधी भेटलं नव्हतं. जरा अपमानच वाटला.

परवाना नव्वद दिवसांचा होता. नव्वदाव्या दिवशी संध्याकाळी सातचं विमान. त्यापुढे एक दिवसही राहायची मुभा नव्हती.

त्या तीन महिन्यांत मी ओट्यावरून एक गोष्ट पाहत होतो. चंद्राबाई चहात दोनदा साखर घालत आणि दुपारी विचारत, सकाळचा चहा झाला का. शिवानीला कधी शिवानी म्हणत, कधी मंगल. मंगल त्यांची बहीण, तिला जाऊन आठ वर्षं झाली होती. दर वेळी गेनबा मध्ये पडत. "झोप न्हाई लागली तिला." "हितल्या पान्यानं हुतं तसं." जर्मनीच्या पाण्यानं फार सोसलं, मित्रांनो.

एकदा घरात दोघंच असताना गेनबा हळूच म्हणाले, "पोराला कळू द्यायचं न्हाई. कळलं तर हितल्या दवाखान्यात ठेवून घेत्याल तुला आन् म्या एकला जायचो. पासलीत तुला रस्ता तरी इचारावा लागत न्हाई."

"कुणाला ठेवून घेत्याल?" चंद्राबाईंनी विचारलं.

एकोणनव्वदाव्या संध्याकाळी कुमारनं दोन्ही पासपोर्ट आईच्या हातात दिले. "आई, जपून ठेव. उद्या लागतील." आईनं जपून ठेवले. मी शपथेवर सांगतो, इतके जपून त्या देशात कुणाचेच पासपोर्ट नसतील. माझ्या अगदी तळाशी होते.

शेवटच्या दिवशी सकाळी कुमार म्हणाला, "हा डबा काही परत न्यायचा नाही. उगाच वजन होतं."

"तळाशी उरलेला तांदूळ नंतर काढून घेते मी," शिवानी म्हणाली. "पण डबा कुठल्या कचऱ्यात जातो?"

तिथं कचऱ्याचे पाच प्रकार असतात. दोघांनी मोबाईलवर शोधलं. मी दोन प्रकारांत बसत होतो. निर्णय लागेना, म्हणून मला दाराशी नेऊन ठेवलं.

अकरा वाजता कुमारनं हात पुढे केला. "आई, पासपोर्ट दे."

"कसला?"

मग घर उलटं झालं. बांधलेल्या चारही बॅगा उपसल्या. गादी उचलली, फ्रीज उघडला, केक भाजायच्या भट्टीत डोकं घातलं. कुमारचं जॅकेट कुठूनतरी उडत आलं आणि माझ्यावर पडलं. शोध असा चालला होता की ज्याच्यात वस्तू आहे त्यालाच झाकून टाकलं.

"आई, काल तुझ्या हातात दिले मी. आठवतं का?"

"दिलं आसतील, बाबा."

"नीट आठव ना."

दोन तासांत त्यानं "आठवतं का" सतरा वेळा विचारलं. स्वतःचा दहावीचा दाखला कशातून निघाला होता, हाताला कशाचा कोंडा लागला होता, हे त्याला आठवायला हवं होतं. आठवत नव्हतं. पण त्याला कुणी विचारलं नाही.

वकिलातीत फोन केला. नवा कागद मिळायला चार दिवस लागतील म्हणाले. कुमार परत आईकडे वळला, तसे गेनबा उभे राहिले.

"तिला नको बोलू. म्या ठिवलेत कुठंतरी."

"आबा, तुम्ही? तुम्ही तर चहाचा कपसुद्धा उचलत नाही."

"उचलले म्या. म्हातारपनी येडे चाळे."

मग सगळा राग आबांवर निघाला. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मी ओरडायचं ठरवलं. डब्याला ओरडता येत नाही, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

घरातून तीनला निघायचं होतं. अडीच वाजता शिवानी उघड्या बॅगेशेजारी बसून रडू लागली. चंद्राबाईंना वाटलं, सून रडतेय म्हणजे निघायची वेळ झाली. आणि निघताना सुनेची ओटी भरायची असते. हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी जॅकेट बाजूला केलं, माझं झाकण काढलं. नारळ नव्हता, म्हणून सफरचंद घेतलं. शिवानीला कुंकू लावलं, तिच्या ओढणीचा पदर पसरला आणि ओंजळी घालू लागल्या. पहिली ओंजळ. दुसरी. तिसरीसाठी हात तळाला गेला, आणि तिच्याबरोबर दोन पासपोर्ट ओटीत पडले.

चंद्राबाईंनी वरचा पासपोर्ट उचलला, उघडला, फोटोवरचा तांदूळ झटकला.

"ही कोन बाई?"

कुमारनं आबांकडे पाहिलं. आबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"हाय एक पासलीची," ते म्हणाले. "बरी हाय सोभावानं."

"आपल्यासंगट येनारे का?"

"व्हय."

"मंग तिची पिशवी कुनी भरली का न्हाई? बसलाय नुस्ते."

कुमार उठला. त्यानं एक लहान पिशवी घेतली आणि वडिलांसमोर जमिनीवर येऊन बसला.

"काय काय लागतं त्यांना, आबा?"

गेनबा सांगू लागले. "भोरच्या डागदराची गोळी. रोज दोन. दार आतून लावू द्यायचं न्हाई. आन् मागनं हात लावायचा न्हाई, म्होरनं जाऊन नाव घ्यायचं. न्हाईतर दचकती."

"किती दिवसांपासून?"

"दोन वरसं झाली. हितं ठेवून घिऊ नको तिला, कुमार."

"नाही ठेवत." त्यानं गोळ्या पिशवीत ठेवल्या. "मुलगा आठवतो का त्यांना?"

"आठवतो की," गेनबा म्हणाले. "शाळंतनं यायचाय म्हनती अजून."

तिघांनी मिळून बॅगा भरल्या. मला कुमारनं स्वतः फडक्यात बांधलं. वजनाचं कुणी काढलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी विसरायला लागलं असेल, तर त्यांना "आठवतं का" असं विचारू नका. तो प्रश्न त्यांच्याकडे आधीच असतो, आणि तुमच्यापेक्षा जास्त असतो. त्यांना फक्त आपण आलो आहोत हे सांगा. महिन्याभरानं कुमार रजा काढून पासलीला आला. दारात उभा राहून म्हणाला, "आई, शाळा सुटली." चंद्राबाईंनी त्याला हातपाय धुवायला पाठवलं. अडतीस वर्षांचा तो माणूस मुकाट्यानं गेला, पाय धुतले आणि जेवायला येऊन बसला.