मालक स्वतः चालवत असेपर्यंत

करारपत्र धाकटीने तिसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि तिसऱ्यांदा अकराव्या कलमापाशी घोडं पेंड खाऊ लागलं.

धाकटी म्हणजे धाकटी डॉक्टर. हे नाव तिला वडिलांच्या पेशंटांनी दिलेलं. थोरले डॉक्टर म्हणजे बाबा. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरायचा. इंजेक्शन नर्स द्यायची आणि बाबा खिडकीबाहेर बघत राहायचे. "जरा दम धरा, धाकटी येऊन बसणार आहे," असं ते येईल त्याला सांगत. धाकटी नवजात बाळांची डॉक्टर. मुख्य रस्त्यावर नवं मोठं रुग्णालय झालं, तिथल्या बाळांच्या विभागात तिची निवड झाली, तेव्हा तिने मनात सगळी मांडणी करून टाकली होती. दिवसा रुग्णालय, संध्याकाळी दवाखाना, आणि बाबा थकले की दवाखाना पुरता आपल्याकडे.

अकराव्या कलमाने ही मांडणी उधळली. नोकरीत असताना डॉक्टरने दुसरीकडे कुठेही पेशंट तपासायचे नाहीत. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं दहा किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही. दवाखान्याच्या पायरीवर उभं राहिलं तर रुग्णालयाची पाटी वाचता येत होती.

"पण मॅनेजर म्हणाला होता ना, चालेल म्हणून?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणाला होता. 'संध्याकाळी बसा की खुशाल, मॅडम, वडिलांचाच तर दवाखाना.' हे त्याचे शब्द."

"मग झालं तर."

"अरे, कुठे लिहिलंय?"

नवऱ्याने करारपत्र स्वतःकडे ओढून चाळलं. ती मात्र स्वतःवरच चिडली होती. शिकाऊ डॉक्टरांना ती रोज एकच गोष्ट ओरडून सांगायची : केसपेपरवर लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. औषध दिलं असेल, रात्रभर बाळापाशी बसला असाल, नोंद नाही तर काही नाही. आणि स्वतःच्या बाबतीत? मॅनेजरच्या गोड शब्दावर विसंबून तिने जुन्या नोकरीचा राजीनामा देऊन टाकला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

तिने भूलतज्ज्ञ सरांना फोन लावला. सर आधी याच नव्या रुग्णालयात होते. नोकरी सोडल्यापासून रोज दीड तास गाडी चालवत दुसऱ्या गावी जायचे.

"राजीनामा दिलास?" त्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं.

"दिला, सर."

"छान. म्हणजे भूल देऊन झाल्यावर विचारतेस, ऑपरेशन कुठल्या पायाचं म्हणून."

"सर, टोमणे नंतर मारा. करू काय?"

"तोंडी काही ऐकू नकोस. जे हवंय ते कलमातच लिहून घे. आणि लिहून आलं की पुन्हा वाच. मी पहिलं केलं, दुसरं केलं नाही. म्हणून तर गाडी चालवतोय."

मॅनेजरच्या खोलीत थंडगार हवा होती आणि टेबलावर एकही कागद नव्हता. माणूस हसतमुख. त्याच्या जिभेवर साखर कायम ठेवलेलीच असे.

"मॅडम, हे स्टँडर्ड असतं हो. सगळे डॉक्टर करतात सही. वाचत बसत नाही कुणी."

त्याच्या सुरात धाकटीला स्वतःचाच सूर ऐकू आला. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर घाबरलेल्या बापाकडून सही घेताना तीही असंच म्हणायची, नेहमीचंच आहे, करा इथे. तिला आणखीच राग आला, आणि तो नक्की कुणाचा हे कळेना.

"मग माझ्यापुरता एक अपवाद लिहा. वडिलांचा दवाखाना अकराव्या कलमातून वगळला, एवढंच."

"अहो, मी शब्द देतोय ना!"

"तुम्ही उद्या दुसरीकडे गेलात तर?"

"मी कुठे जाणार?"

"तेच मीही आधीच्या नोकरीत म्हणायचे."

मॅनेजर हसला. वकिलांशी बोलतो म्हणाला. मग 'उद्या' आणि 'परवा' सुरू झाले. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. जुन्या रुग्णालयात तिच्या जागी दुसरी डॉक्टर रुजूही झाली. घरी नवरा जपून बोलायला लागला, त्याचा तर जास्तच त्रास. अखेर एका सकाळी नवा मसुदा आला.

"बघ, दिलं की लिहून!" नवरा तिच्या खांद्यावरून वाचत होता. "'वडिलांचा दवाखाना या कलमातून वगळण्यात येत आहे.' आता तरी हस."

"पुढे वाच."

"'...सध्याचे मालक तो स्वतः चालवत असेपर्यंत.' बरोबर आहे की. बाबाच चालवतात."

"आणि बाबांनी चालवणं सोडलं की?"

त्याने ओळ पुन्हा वाचली. मग हळूच खुर्ची ओढून बसला.

बाबांना गरज नाही तोवर मुभा, आणि ज्या दिवशी त्यांचा हात पुरता थांबेल त्या दिवशी दार बंद. ज्याने कुणी ही ओळ घातली तो आपल्या कामात चोख होता, हे तिला मानावंच लागलं.

दुपारी ती मॅनेजरसमोर जाऊन बसली. पेन काढलं. केसपेपरवर चूक झाली तर डॉक्टर ती गिरवून झाकत नाहीत. खालचं वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारतात, शेजारी सही आणि तारीख. धाकटीने 'सध्याचे मालक' पासून 'असेपर्यंत' पर्यंत तशीच रेघ मारली, सही केली, तारीख घातली. मग शेवटच्या पानावर सही करून कागद त्याच्याकडे सरकवला.

"मॅडम, असं नाही करता येत!"

"रेघेशेजारी तुमची सही झाली की येतं."

"वर विचारावं लागेल." पहिल्यांदाच त्याचं हसू मावळलं.

"विचारा."

"आणि वरून नाही आलं तर? तुम्ही तर राजीनामा देऊन बसलाय."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. कागद त्याच्या ओक्याबोक्या टेबलावर ठेवून ती उठली.

दवाखान्यात गर्दी होती. बाबा एका तापलेल्या पोराच्या छातीला नळी लावायला बघत होते आणि नळीचं टोक जागेवर टिकत नव्हतं. पोराची आई नजर चुकवून जमिनीकडे बघत होती.

"झाली का सही?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"माझी झाली. त्यांची बाकी आहे."

"आणि नाही केली तर?"

"बाबा, आत्ता नको."

बाबांनी कानातली नळी काढून तिच्या हातात दिली आणि उठून खुर्ची मोकळी केली.