टॉवेलवरचा क्रम

तोटीच्या पांढऱ्या कड्याच्या आतल्या काठाला जवाच्या सालीचा एक तपकिरी कण चिकटला होता, मोहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढा. व्हर्नाने तो नखाने काढला, कडं उजेडात धरून पुन्हा पाहिलं, टॉवेलवर ठेवायला गेली... आणि तिचा हात थांबला. हे कडं इथे नसायला हवं होतं.

तोटीचे आठही भाग टॉवेलवर होते. खोलताना जसे सुटतील तसे डावीकडून उजवीकडे मांडायचे, जोडताना उजवीकडून परत यायचं — हा तिच्या नवऱ्याचा, गॉर्डीचाच नियम. सहलीला न्यायच्या जाड निळ्या पेटीला भोक पाडून, तोटी बसवून, त्याने घरच्या बियरसाठी भरडलेले जव भिजवायचं भांडं केलं तेव्हापासूनचा. एकोणतीस वर्षं झाली. आज त्याने भाग लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले होते. सारख्या अंतरावर, अगदी नीटनेटके.

"काय बघतेस एवढं? चांदीची आहे का ती?" गॅरेजच्या दुसऱ्या टोकाकडून गॉर्डी म्हणाला. तो तांब्याची वेटोळी नळी व्हिनेगरने पुसत होता.

"तुझी कारागिरी बघतेय."

"बघ, बघ. फुकट आहे."

जानेवारीत पेटीच्या तळाची जाळी निसटली होती, कारण ती आवळून धरणारी पट्टीच त्याने लावलेली नव्हती. जवाचा लगदा तोटीत अडकला आणि शेजारचा डुवेन सॉसेज खाता खाता म्हणाला होता, "मास्तर, बियर राहू दे, लापशीचं दुकान काढ." गॉर्डी सगळ्यांत मोठ्याने हसला होता. ती पट्टी तिला चार दिवसांनी त्याच्या कोटाच्या खिशात सापडली... मार्चमध्ये तापमापक. जुना चार अंश जास्त दाखवायचा, म्हणून पेटीवर तिनेच चिकटपट्टी लावली होती: उणे चार. नवा अचूक होता. तिनेच उकळत्या पाण्यात तपासला होता. तरी तो चार वजा करत राहिला, लगदा जास्त तापत राहिला, बियर गुळमट होत गेली. दोष चिकटपट्टीचा, असं म्हणून तिने ती खरवडून काढली. त्याची वजाबाकी थांबली नाही.

शहराच्या पाणी-प्रयोगशाळेत नव्या मुलींना ती सांगायची — एका नोंदीवर विश्वास ठेवू नका, तिसरी घ्या. तिने सहा घेतल्या होत्या. आणि प्रत्येक वेळी, तो जेवून आडवा झाला की इथे येऊन पट्टी आवळायची, तोटी खोलून पुन्हा बसवायची, शेगडीच्या गॅसनळीच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का पाहायची. मागच्या महिन्यात आला होता. चाळीस सेकंदांत मसुरीएवढा... तिने नट आवळला आणि कॉफी ठेवली. त्याच्या चुका ती पुसत होती. म्हणजे नोंदीही तीच पुसत होती. इतर कुणी असं केलं असतं तर तिने त्याला प्रयोगशाळेत उभं केलं नसतं.

आताही हात सवयीने कड्याकडे गेला. दोन भाग हलवायचे, बस. त्याला कळणारही नाही.

गॉर्डी हात पुसत जवळ आला. टॉवेलसमोर उभा राहिला. एक बोट उजव्या टोकाशी नेलं, मग डाव्या, मग मधेच थांबवलं. बाहेरच्या तळ्यावरचा वारा दाराखालून येऊन टॉवेलचा कोपरा हलवून गेला.

"व्हर्ना," तो म्हणाला. आवाज थट्टेचाच होता, पण डोळे बोटावरून हलेनात. "सुरुवात कुठून करतो गं आपण?"

उजवीकडून, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने कडं होतं तिथेच, चुकीच्या जागी, ठेवलं. छातीत भीती होती, पण गेले सहा महिने होती तशी ती आता तिच्या एकटीची नव्हती.

"सहा महिने तुझ्यामागून हे सगळं मी पुन्हा लावतेय, गॉर्डी," ती म्हणाली. "आता नाही लावणार. सोमवारी आपण डॉक्टरांकडे जातोय, आणि तोवर गॅस पेटवायचा नाही."