मोगऱ्यातली सल

संक्रांतीच्या आधी मोगऱ्याचं पाणी तोडायचं, झाडांना चांगला ताण बसू द्यायचा आणि संक्रांत झाली की कात्री घेऊन बसायचं, हा रुपरावांचा नेम होता. हनुमाननगरातल्या त्यांच्या घराचं अंगण ते केवढं! पण मेंदीचं कुंपण, फाटकाशी दोन जास्वंदी आणि ओसरीपासून कुंपणापर्यंत मोगऱ्याची रांग एवढं त्यांनी त्यात बसवलं होतं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाल्यापासून तर त्यांचा अर्धा दिवस त्या झाडांतच जाई.

त्यांची बायको देवकी कळमेश्वरकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. तिला हा सगळा रिकामा थाट वाटे. "ना खाता येत, ना बाजारात नेता येत," असं ती म्हणे, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी ओंजळभर कळ्या वेचून स्वतःच गजरा करत बसे. अलीकडे मात्र कळ्या कमीच मिळू लागल्या होत्या. रुपराव म्हणत, खत कमी पडलं.

चौऱ्याहत्तर सालच्या संक्रांतीला रुपराव डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून घरात बसून होते. दिवाळीत सीताबर्डीवर समोरून येणारी रिक्षा त्यांना दिसलीच नाही. खरचटण्यावर निभावलं, पण त्यांची मुलगी तारा हट्टाने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मोतीबिंदू दोन्हीकडे होता, उजवा पार पिकलेला. "दोनेक महिने झाले, जरासं धूसर दिसते," रुपरावांनी सांगितलं, आणि देवकीने ते खरं मानलं. आता उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. डाव्या डोळ्याने माणसाचा आकार तेवढा कळे.

"यंदा राहू द्या ना तो मोगरा," देवकी म्हणाली.

"झाडायले ताण बसला आहे. आता नाही कापलं तं सारा उन्हाळा वाया जाते."

"मंग मी कापते."

"तुले जमंल?"

"संत्र्याची सल काढता काढता लहानाची मोठी झाली मी. तुमी बसा अन् सांगा."

झाडात वाळून राहिलेल्या काड्यांना बागेतली माणसं सल म्हणतात. ती वेळेवर काढली नाही तर झाड आतून बसत जातं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

ओसरीत खुर्ची टाकून रुपराव बसले. देवकीने पदर खोचला आणि पहिल्या झाडापाशी बसकण मारली.

"गुडघ्याएवढं ठेव," रुपराव सांगू लागले. "फुटव्याचा डोळा असंल तिथून बोटभर वर, तिरपं काप. कात्री एका दमात चालव. काडी चेंगरू नको."

तिने वरची एक काडी कापली, पानं बाजूला सारली आणि तिचा हात थांबला. झाडाच्या पोटात वाळलेल्या काड्यांचा नुसता गुंता होता. हिरव्या फांद्या कुठेतरी मधेच तोडलेल्या, वर वीतभर खुंट्या राहिलेल्या, त्या खुंट्या वाळून काळ्या पडलेल्या. एका ठिकाणी तर साल सोलून निघाली होती. रुपरावांचा हात असा नव्हता. खाली, जुन्या खोडावर, त्यांचे आधीचे काप होते. ते तिरपे, स्वच्छ होते आणि वर साल येऊन असे मिटले होते की बोट फिरवल्याशिवाय कळू नयेत.

काप किती जुना हे त्याच्या रंगावरून कळतं. मागच्या हिवाळ्यातला तपकिरी, त्याच्या आधीचा राखाडी, त्याच्याही आधीचा पांढुरका पडलेला. तिने एकेक पाहिला. तिन्ही वर्षांचे वाकडे.

ती उठून फाटकापाशी गेली. जास्वंदीची मनगटाएवढी जिवंत फांदी करवतीने कापलेली होती आणि तिला लागूनच असलेली मेलेली फांदी तशीच उभी होती. देवकी तिच्याकडे बघत राहिली. या फाटकातून ती रोज ये-जा करत होती.

"काहून थांबली वं?" ओसरीतून रुपरावांनी विचारलं.

"काही नाही."

"एखादी काडी आण इकडे. काप बरोबर बसून राहिला का नाही, पाहतो."

ती परत मोगऱ्यापाशी आली. आपण कापलेली ताजी काडी तिच्या पायाशीच पडली होती. तिने ती उचलली नाही. जुनी वाळकी खुंटी बुडापासून कापली आणि नेऊन त्यांच्या तळहातावर ठेवली.

रुपरावांनी अंगठा फिरवला. "हे काय केलं? एवढी खुंटी ठेवली, अन् पाय, पार चेंगरली. असं नाही कापत, देवकी."

"हे मी नाही कापलं."

अंगठा पुन्हा एकदा त्या टोकावरून गेला. मग हात मांडीवर आला.

"तीन सालापासून?" देवकीने विचारलं.

"हाव."

"अन् मले सांगतलं नाही."

"माह्या बापाचं तू केलं ना सारं," रुपराव म्हणाले. "नानाजी आंधळा झाला, तवापासून हात धरून नेणं, आणणं, घास भरवणं. एका शब्दानं बोलली नाही तू. पण एक दिवस चुलीपाशी बसून रडून राहिली होती. मी दारातून पाह्यलं अन् तसाच मागं फिरलो. मंग माह्यावर तेच आलं, तं म्हटलं, हिच्या नशिबी दुसऱ्यांदा काहून? जवर चालते तवर चालू द्यावं."

देवकी पायरीवर टेकली. मौद्याजवळचं ते सासरचं घर, धुराने काळी पडलेली चूल, ओसरीतून नानाजींची हाक. "कोणता दिवस?"

"वैशाख होता. तुह्या भावाच्या लग्नाच्या आधी."

"तवा माही माय गेली होती," देवकी म्हणाली. "मी मायसाठी रडत होती."

म्हणाली खरी, पण म्हणताना तिचं तिलाच नीट सांगता येईना. आईसाठी रडायला बसली होती आणि रडता रडता सगळंच त्यात आलं असेल. नानाजीही आले असतील. कोण वेगळं काढणार आता?

"आत येऊन विचारलं असतं तं सांगतलं असतं मी," ती म्हणाली. आणि मग एकदम तिला राग आला. "अन् त्या रिक्षाखाली गेले असते तं? तवा कोणाच्या नशिबी काय आलं असतं?"

ती तरातरा अंगणात गेली आणि कात्री चालवू लागली. सल काढली, खुंट्या काढल्या, हाताला लागेल ते काढलं. आवाज ऐकून रुपराव अस्वस्थ झाले. "जरा वरून काप, देवकी. बुडाशी जाऊन राहिली तू."

"चुपचाप बसा तुमी!"

डोळे पुसायला तिचे हात मोकळे नव्हते. रांग संपेपर्यंत ती उठली नाही. मग घमेल्यातून शेणखत आणून प्रत्येक बुडाशी घातलं, पाणी सोडलं आणि हात न धुताच त्यांच्यासाठी चहा ठेवायला गेली.

त्या रागाची किंमत मोगऱ्याने दिली. दोन झाडं फुटलीच नाहीत. बाकीची उशिरा फुटली, आणि कळ्या आल्या तेव्हा उन्हाळा अर्धा सरला होता. रुपरावांना तोवर जाड भिंगांचा चष्मा मिळाला होता. ते मेलेल्या दोन झाडांपाशी बराच वेळ उभे राहिले. पावसाळ्यात त्यांनी तिथे नवी कलमं लावली, आणि देवकीला कात्री कशी धरायची ते पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. तिनेही मुकाट्याने पाहून घेतलं.

दसऱ्यानंतर एका सकाळी ते आपणहून म्हणाले, "डाव्यानं आता काहीच दिसत नाही. ताराले निरोप दे, डॉक्टरकडे जाऊ."

आणि मग जणू बांधच फुटला. गुडघा दुखतो, कानात दडा बसला, आज तोंडाला चव नाही, रात्री खोकला आला होता, सगळं ते रोज सकाळी चहासोबत सांगू लागले. देवकी ऐके, वैतागे, "झालं का आजचं पुराण?" असं विचारे. आणि एखाद्या दिवशी ते नुसतेच चहा पिऊन उठू लागले, तर कपबशी उचलता उचलता थांबून म्हणे, "बसा जरा. आज काय दुखून राहिलं, ते नाही सांगतलं."