लाल की हिरवी

हंबीररावांनी आयुष्यात स्कूटरशिवाय दुसरं वाहन चालवलं नव्हतं, आणि स्कूटरही बंगळूरात बनशंकरी ते यशवंतपूर, काटा चाळीसच्या पुढे न नेता. पण यशवंतपूरचं दुकान मुलीच्या, भूमिकाच्या, ताब्यात देऊन घरी बसल्यावर तिसऱ्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण मुळात साहसी माणूस आहोत. फोनवर रोज चार तास व्हिडिओ पाहिले की हे कुणाच्याही लक्षात येतं.

त्यांचा मेहुणा गिरीराज जे. पी. नगरात राहायचा. पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, बँकेतून लवकर निवृत्त झालेला आणि त्यामुळे सर्व विषयांतला तज्ज्ञ. दोघांनी मिळून कनकपुरा रस्त्याला आंब्यासाठी जमीन घेतली होती. निम्म्यात आंबा लागला. उरलेल्या निम्म्यात नुसते दगड, ओघळी आणि एक उभा चढ. तिथे फिरवायला एटीव्ही घ्यायची, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल असलेली, चार जाड चाकांची गाडी, असं ठरलं. इथपर्यंत एकमत होतं. कुठली घ्यायची एवढाच किरकोळ प्रश्न उरला, आणि त्यात चार महिने गेले.

कारण बाजारात दोन कंपन्यांच्या दोन गाड्या समोरासमोर उभ्या होत्या. लाल गाडी हलकी, चपळ, पायानं गियर टाकायची, शर्यतीतली. हिरवी वजनदार, गियरची कटकट नाही, चारही चाकांना जोर, पुढेमागे कॅरियर. अठ्ठ्याण्णव किलोच्या आणि जिना चढताना मध्ये एकदा थांबणाऱ्या हंबीररावांनी अर्थातच लाल पसंत केली. आणि सिग्नल सुटायच्या आत हॉर्न मारणाऱ्या गिरीराजनं हिरवी.

"भावजी, तुमची लाल म्हणजे खेळणं आहे," गिरीराज दर रविवारी येऊन सांगायचा.

"आणि तुझी हिरवी म्हणजे म्हैस. तीही गाभण," हंबीरराव म्हणायचे.

वाद अगदी शास्त्रोक्त चालला होता. गिरीराजनं सतरा रकान्यांचा तक्ता छापून आणला. हंबीररावांनी पेनानं अठरावा वाढवला, 'रुबाब', आणि त्यात लालला दहापैकी दहा दिले. गणपतीला आलेल्या पाहुण्यांना प्रसादाआधी सस्पेन्शन समजावण्यात आलं. जमनाबाईंनी, म्हणजे एकाच्या बायकोनं आणि दुसऱ्याच्या बहिणीनं, एकदा विचारलं, "तुमच्यापैकी कोण बसलंय का त्यावर कधी?" प्रश्न अज्ञानातून आलेला असल्यामुळे दोघांनीही तो बाद ठरवला.

शेवटी भूमिकाच वैतागली. तिनं शहराबाहेरच्या एका ट्रॅकवर, जिथे दोन्ही गाड्या चालवून बघता येत आणि तिथेच नोंदवताही येत, दोघांसाठी सकाळची वेळ घेऊन टाकली. जमनाबाई सोबत निघाल्या. "हाडं मोडली तर उचलायला कोणतरी पाहिजे," असं त्या म्हणाल्या.

ट्रॅक चालवणारी अनुषा पंचविशीतली मुलगी होती. तिनं दोघांना हेल्मेट घातलं, आपादमस्तक बघितलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "अंकल, तुम्ही हिरवीवर बसा. लालला तुमचं वजन सोसायचं नाही. बारीक अंकल लालवर."

"अहो, पण माझी लाल..." हंबीरराव म्हणाले.

"आधी नियम. मग लाल. सरी, ठीक?"

हंबीरराव हिरवीवर बसले. चढाच्या पायथ्याशी त्यांनी हँडल इतकं घट्ट आवळलं की अंगठ्याखालचा थ्रॉटल आपोआपच दाबला गेला. गाडी घुरघुरली आणि दगड, चिखल, मुळं काहीएक न विचारता त्यांना वर घेऊन गेली. टेकडीवर वारा होता. खाली तळं दिसत होतं. दुकान सोडल्यापासून सकाळी उठून कुठे जायचं हा प्रश्न त्यांना रोज पडायचा; त्या पाच मिनिटांत तो पडला नाही. डोळ्यांत पाणी आलं ते धुळीमुळे, असं त्यांनी ठरवलं.

खाली सपाटीवर लाल गाडीचा धुरळा उठला होता आणि त्यातून गिरीराजचं ओरडणं ऐकू येत होतं. जमनाबाई घाबरून उभ्या राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की भाऊ हसतोय. बँकेत लागल्यापासून त्यांनी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

दोघे परत आले तेव्हा चेहरे मयताला गेल्यासारखे.

"कशी होती?" जमनाबाईंनी विचारलं.

"स्वल्प बरी," हंबीरराव म्हणाले.

"ठीक. धक्के बसतात," गिरीराज म्हणाला. त्याचे डोळे अजून लालवरच होते.

मग एक अपूर्व प्रकार सुरू झाला. हंबीरराव म्हणाले, "गिरीराज, तू लहान आहेस. तुझं मन मोडायला नको. हिरवीच घेऊ." गिरीराज म्हणाला, "छे छे भावजी, मान तुमचा. लालच घेऊ." चार महिने एकमेकांचं नाक कापणारे दोघे आता त्यागात हटेनात. अर्धा तास झाला. पुढचं गिऱ्हाईक आलं. अनुषानं वही आपटली.

"दोघांनाही दुसऱ्याची आवडलीय," जमनाबाई म्हणाल्या. "सांगायला लाज वाटते, एवढंच."

"काहीतरीच काय, अक्का!" गिरीराज म्हणाला.

हंबीररावांनी हेल्मेट काढलं. घाम पुसला. त्यांनी सबंध आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं. "जमना म्हणते ते खरं आहे. मला हिरवी आवडली. चार महिने मी उगाच बोललो."

आता गिरीराजनं फक्त "मला लाल" एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण भावजी हरले होते, सगळ्यांसमोर, त्यांच्याच तोंडानं. लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या भावजींना पाहिल्यापासून तो या क्षणाची वाट बघत होता.

"बघितलंस अक्का? मी पहिल्यापासून सांगत होतो!" तो ओरडला. "हिरवीच! लिहा मॅडम, हिरवी!"

अनुषानं लिहिलं.

हिरवी टेंपोतून जमिनीवर आली. हंबीरराव रोज सकाळी चढावर जातात, आंब्यांना उगाचच पाणी नेतात, आणि भेटेल त्याला मोकळेपणानं सांगतात, "निवड मेहुण्याची." गिरीराज रविवारी येतो, एक फेरी मारतो आणि विजयी माणसाचा चेहरा करून उतरतो. तो चेहरा त्याला फार वेळ धरवत नाही.

बुधवारी मात्र तो कुणाला न सांगता अनुषाच्या ट्रॅकवर जातो. लालमधले दोष नीट अभ्यासायला, असं त्यानं तिला सांगितलंय. आजवर अकरा बुधवार झाले. दोष अजून सापडलेला नाही. अनुषानं हे जमनाबाईंना फोनवर कळवलं. जमनाबाईंनी नवऱ्याला काही सांगितलं नाही. फक्त भावाला फोन करून म्हणाल्या, "गिरी, वळणावर हळू घे रे."