नाव न सांगितलेलं स्थळ

“निताची तारीख निघाली का, बाई?” ओट्यावर टेकत मकबूल पिंजाऱ्यानं विचारलं.

नीलाबाईच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. आत ज्वारी निवडत बसलेली तिची लेक, निता, उठून मागच्या दारानं निघून गेली.

“मोडलं की ते, भाई. हुंड्यातल्या मोटारसायकलीवरून. फातिमाबीला म्याच सांगितलं, इथंच बसून. घरी बोलली न्हाई का ती?”

बोलली असणार. बायको बोलत असायची आणि मकबूल पिंजणाच्या तारेवर ठोके मारत ‘हूं’ म्हणत असायचा.

“अन् ती काहून न्हाई आली? तुमी कवापासून दारोदार फिरून राहिले? आज सूर्य कुणीकडून उगवला म्हनावं!”

मकबूलनं खाली पाहिलं. “दोन महिने झाले, बाई. बुखार डोक्यात गेला. तिसऱ्या दिवशी गेली.”

नीलाबाईनं तांब्या खाली ठेवला. पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “आमाला कुणी सांगितलंबी न्हाई.”

“सांगणारी तीच होती ना.”

वसमतच्या दुकानांत कारखान्यातल्या गाद्या आल्या, तरी मकबूलकडं लग्नाच्या गाद्यांचं काम कमी पडलं नव्हतं. लोक आपल्या हाताला भुलतात, असं तो समजत होता. फातिमाबी दर गुरुवारी एसटीनं कुठल्या तरी गावाला, बंजाऱ्यांच्या तांड्याला जायची. ज्या घरी मुलगी झाली, तिथं उरल्या कापडाचं दुपटं द्यायची.

“आज दुपटं देऊन वीस वर्सांनी गिऱ्हाईक? तवर मी जिता ऱ्हाईन का?” तो चिडवायचा.

“तुमी न्हाई तर मी ऱ्हाईन,” ती म्हणायची.

ती गेली आणि नव्याण्णव सालची लग्नसराई कोरडी गेली. एकही बोलावणं आलं नाही. म्हणून आज तो स्वतः निघाला होता, आणि पहिल्याच दारात नको ते विचारून बसला होता.

नीलाबाईनं डोळे पुसले. “एक इचारू का, भाई? राग मानू नका. नितासाठी दुसरं स्थळ बघितलं होतं तिनं. आमच्यातलंच. पोराची माय एकटी. काहीच मागत न्हाई म्हने, पोरगी तेवढी शहाणी पाहिजे. पुढल्या खेपेला नाव अन् तांडा सांगते, म्हनली होती. तुमाला ठावं असंल.”

निता मागच्या दाराशी परत येऊन उभी होती. मकबूलला ती दिसली.

“तिनं सांगितलं असंल, बाई,” तो म्हणाला. “म्या ऐकलं न्हाई.”

गादीचा विषय न काढताच तो उठला.

पुढच्या गुरुवारी पिंजण घरी ठेवून त्यानं एसटी धरली. एका तांड्यावर त्यानं लग्नाच्या पोराची चौकशी केली, तशा बायका हसल्या, “भाई, म्हातारपणी पोरं बघत फिरून राहिले का?” तोही हसला. “फातिमाबी तुमच्यात कुणाच्या घरी बसायची?” त्यानं विचारलं.

“आमच्या,” एक म्हणाली.

“चल, खोटारडे! आमच्या घरी.”

प्रत्येक तांड्यावर हेच. प्रत्येक ठिकाणी ‘ती का नाही आली’ हे विचारलं जायचं, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला पहिल्यापासून सांगावं लागायचं. बायका रडायच्या, चहा ठेवायच्या. एकीनं जाताना म्हटलं, “दिवाळीनंतर पोरीचं लगीन हाये, गादी भरून द्या.”

“देईन. पण आधी सांगा, काही न मागणारी, एकटी माय, लग्नाचं पोरगं, असं घर हाये का तुमच्यात?”

बाईनं विचार केला आणि मान हलवली.

वसमतकडचे तांडे झाले, औंढ्याकडचेही झाले. सेनगावकडचे अजून राहिले आहेत.